जुन्या लिंकवर माझाच फोटो

१० नोव्हेंबर, सोमवार

माझा फोटो. सगळ्यांच्या मोबाइलवर माझा फोटो!

सकाळी बोईसरच्या रिक्षात बसते न बसते तोच खंडेरावकाकांचा फोन. काका आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष. "हेमांगी, तू परत नाव घातलंस काय? घातलंस तर चांगलंच हाय. पण आमाला सांगायचंस तरी."

मला आधी काही कळेना. मग एकदम कळलं.

मंडळाचं नाव बदललं, म्हणून मंडळाची वधू-वर साइट मी शनिवारी नव्या पत्त्यावर हलवली. प्रत्येक मुलामुलीचं वेगळं पान, प्रत्येक पानाला नंबर. त्या लिंका वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरताहेत. जुनी लिंक दाबली की नव्या साइटवर तेच पान उघडावं म्हणून रीडायरेक्ट लावला— परमनंट. तपासायला पान घेतलं माझंच, लग्नाआधीचं. नोंद बंद होती, नंबर पाठ होता, कोणाला त्रास नको. तपासून झालं आणि रीडायरेक्टच्या नियमातला माझा नंबर तसाच राहिला! वर नव्या साइटने सगळ्या बंद नोंदी उघड्या करून टाकल्या.

म्हणजे एडवणपासून डहाणूपर्यंत कोणीही, कोणाचीही जुनी लिंक दाबली की समोर मी. पिवळा ड्रेस, केसात अबोली, 'अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी असावा'. अनुजला जाऊन चौथं वर्ष चालू आहे. त्याची बायको लग्नाला उभी आहे असं अख्ख्या समाजाने पाहिलं.

ऑफिसात पर्ससकट खुर्चीत बसले आणि नियम दुरुस्त केला. माझं पान बंद केलं, फोटो काढला. संपलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

संपलेलं नाही.

माझ्या मशीनवर सगळं नीट. खंडेरावकाकांच्या मोबाइलवर अजून माझंच पान. फोटो गेलाय, पण तिथे 'ही नोंद बंद आहे' असं येतं. कोणतीही लिंक दाबा, नोंद बंद.

मेहुल माझ्या शेजारी बसतो, कारखान्यांच्या साइट तोच बघतो. मान न वळवता म्हणाला, "परमनंट बोललीस ना त्याला? मग फोन परत विचारायला येणारच नाही. एकदा ऐकलं, लक्षात ठेवलं." ज्यांनी शनिवार ते सोमवार लिंक उघडली त्यांच्या फोनने चुकीचा रस्ता पाठ केलाय. मी इकडे काहीही दुरुस्त केलं तरी त्यांना तेच दिसणार. "आधी टेम्पररी लावून बघायचं असतं, हेमांगी." माहीत आहे. मीच नव्या मुलींना शिकवते हे.

घरी आले तर आई वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होत्या. आई म्हणजे सासूबाई, बाजारात मासळी विकतात— अनुज गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. जेवताना ताटाकडे बघत म्हणाल्या, "काल बाजारात तुझा फोटू बगितला. गिऱ्हाइकानं दाखवला." मी सगळं समजावून सांगितलं— नियम, नंबर, लिंक. त्यांनी ऐकून घेतलं. मग भात वाढला.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज वाटलं सापडलं. चुकलेले फोन माझ्याच पानावर येताहेत ना? मग त्या पानावरूनच त्यांना जुन्या पत्त्यावर परत पाठवायचं, तिथला नियम आता बरोबर आहे. लावलं. काकांना म्हटलं, उघडा.

काकांच्या मोबाइलवर 'खूप वेळा रीडायरेक्ट झाले'. पान उघडेचना.

मेहुल हसला. "तू त्याला परत पाठवतेस. पण तिकडे पोचायच्या आधीच त्याला आठवतं की हेमांगीकडे जायचंय. परत तुझ्याकडे. गोल गोल." निमूटपणे काढून टाकलं. निदान 'टेम्पररी'ने लावलं होतं. एवढी अक्कल या वेळी शाबूत होती.

'फोनमधलं जुनं साठलेलं पुसा' असा मेसेज ग्रुपवर टाकला. एकाने सगळे फोटो पुसले आणि माझ्यावर ओरडला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नीट नाही. ऑफिसात एका कंपनीच्या साइटवर दुसरीचा पत्ता घातला. चार जणींनी 'चांगला निर्णय' म्हणून मेसेज केलेत. त्यातल्या एकीचा मी दोनदा वाचला. का वाचला?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भाग्यश्रीच्या वडिलांचा फोन. प्रदीपकाका, चिंचणीचे. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.

भाग्यश्रीचं दातिवऱ्याच्या मुलाशी जुळत आलं होतं. मुलाकडच्यांनी घरी दाखवायला तिची लिंक उघडली. पहिल्यांदा मी दिसले. नंतर 'ही नोंद बंद आहे'. त्यांना वाटलं, मुलीचं दुसरीकडे ठरलं आणि आपल्याला कळवायचं सौजन्यही दाखवलं नाही. आता ते दुसरी मुलगी बघणार आहेत. "मी सांगायला गेलो तर म्हणतात, लिंकमधी बंद लिवलंय, तुमी आता कशाला सारवासारव करता. पोरगी जेवत नाय, हेमांगी."

फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. मी आतापर्यंत फक्त माझ्या लाजेचा विचार करत होते. माझा फोटो, माझं नाव. त्या बंद पानामागे आणखी किती जणी अडकल्यात, हे डोक्यातच आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुटलं. फोन माझ्या नंबरवर येणं मी थांबवू शकत नाही. पण त्या नंबरवर काय दिसावं हे माझ्याच हातात आहे! माझी नोंद तिथून उचलून दुसऱ्या नंबरवर ठेवली. रिकाम्या झालेल्या पानावर मोठ्या अक्षरात— 'आमच्या चुकीमुळे तुम्ही इथे आला आहात. कोणाचीही नोंद बंद झालेली नाही. नाव लिहा, पान उघडेल.' खाली नाव लिहायची जागा. कोणाला परत पाठवायचं नाही, काही पुसायला लावायचं नाही.

मेहुलने त्याच्या फोनवर करून बघितलं. "चालतंय," म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पण दातिवऱ्याचे लोक आता लिंक कशाला उघडतील? आईंना म्हटलं, मी फोन करते. त्या म्हणाल्या, "फोनवर नाय समजायचं. पोराची आय कमळी माझ्या वळखीची हाय. जाऊ आपण." आई कधी माझ्या कामात पडत नाहीत. 

१६ नोव्हेंबर, रविवार

पालघरला एसटी बदलून दातिवऱ्याला गेलो. आईंनी सुक्या बोंबलांची पिशवी घेतली होती. सगळ्या वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते.

कमळीमावशी ओटीवर जाळं विणत बसल्या होत्या. माझ्याकडे निरखून बघितलं. "ही तीच ना फोटूतली?"

"तीच," मी म्हटलं. "चूक माझी आहे मावशी. भाग्यश्रीची नाही, तिच्या वडिलांचीही नाही." त्यांचाच मोबाइल मागितला, तीच जुनी लिंक दाबली. निरोपाचं पान आलं. नाव त्यांच्या मुलाला, भाग्येशला, लिहायला लावलं. भाग्यश्रीचं पान उघडलं— फोटो, शिक्षण, वडिलांचा नंबर, सगळं.

भाग्येशने फोटो मोठा करून बघितला. मग आपल्या आईला म्हणाला, "मी सांगत होतो ना, ती अशी नाय करायची." मावशींनी जाळं बाजूला ठेवलं. "मंग त्यांना फोन लाव. मी बोलते."

मला हलकं वाटलं, ते चहा येईपर्यंतच. मावशींनी आईंना विचारलं, "आणि हिचं काय? माझ्या भावाचा पोर हाय बोईसरला. त्याची बायको बाळंतपणात गेली."

मला वाटलं, आई विषय तोडतील. त्या म्हणाल्या, "हिचं हिला इचार."

परतीच्या गाडीत माझा तोल गेला. "मला घालवायला बघताय का? म्हणून आलात माझ्याबरोबर?"

"हळू बोल. गाडीत मानसं हायत."

"सांगा ना."

"पोरगा माझा गेला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी रडेन जल्मभर. तुला कोणी सांगितलंय माझ्यासंगे बसायला?"

"मग तुम्ही एकट्या काय कराल?"

त्यांनी बोंबलांची रिकामी पिशवी घडी घातली. पालघर येईपर्यंत ती घडी परत परत मोडत, घालत राहिल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रदीपकाकांचा फोन. दातिवऱ्याची माणसं काल भाग्यश्रीला बघून गेली. साखरपुड्याचं बोलणं चाललंय. "पोरगी जेवली," एवढंच परत परत सांगत होते.

जुन्या लिंका सगळ्या नीट उघडताहेत. तरी मी हातातलं काम सोडून तपासते. मेहुल म्हणाला, आता पुरे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खंडेरावकाका म्हणाले, तुझी नोंद आता काढूनच टाक, उगाच परत घोटाळा नको. बरोबर आहे त्यांचं. नोंद उघडली. 'कायमची काढा' असं बटण आहे, मीच केलेलं. त्यावर बोट ठेवून बसले. मग दुसरंच काम उघडलं.

संध्याकाळी आई मासळी आवरत होत्या आणि मी उगाच आतबाहेर करत होते. "काय हरवलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कमळीमावशींना सांगा, येऊ देत त्यांच्या भावाच्या मुलाला." तोंडातून निघून गेलं. आईंनी फक्त मान हलवली आणि टोपलीवर फडकं टाकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. माणूस वाईट नाही. बायकोबद्दल बोलताना थांबला, मला आवडलं ते. पण त्याला छोट्या मुलीसाठी आई हवी आहे, आणि नोकरी सोडलेली बरी असं त्याने दोनदा म्हटलं. मी नाही म्हणून सांगितलं. त्याच्या तोंडावर, नीट शब्दांत.

कप विसळताना आईंचा चेहरा बघवेना. वाटलं, त्यांनीही करून पाहिलं, मीही, आता हा विषय परत नको.

आईंनी कप पालथा घातला, हात पदराला पुसले आणि पाटावर बसल्या. "मंग कसा पायजे तुला?"

अनुज गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगायला लागले.