मोहन्याच्या फियाटचे मूळ इंजिन सापडल्याबाबत

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय (नोंदणी शाखा)

विषय : सन १९६६ च्या फियाट मोटारीची व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी होण्याबाबत, इंजिन क्रमांक न जुळण्याचा खुलासा व फेरतपासणीची विनंती.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे त्रुटीपत्र.

महोदय,

सविनय जय भीम. मी खाली सही करणार मेघना बाबुराव शेजवळ, राहणार मोहने. उपरोक्त मोटार माझे वडील श्री. बाबुराव शेजवळ यांच्या मालकीची असून ती गेली बरीच वर्षे आमच्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे. वडिलांचे वय शहाऐंशी आहे. रोज सकाळी ते ताडपत्री बाजूला करून स्टिअरिंगपाशी बसतात व पेपर वाचतात. नोंदणी संपलेली वाहने आवारातून हलवावीत, अन्यथा भंगारात दिली जातील, असे सोसायटीने कळविल्यामुळे आम्ही आपणाकडे अर्ज केला होता.

१. आपल्या निरीक्षकांनी गाडी अत्यंत बारकाईने पाहिली. स्टिअरिंगखालचा गिअर, जुना डायनॅमो आणि कंपनीचा छाप असलेल्या काचा मूळच्याच आहेत, असे त्यांनी मान्य केले. मात्र इंजिनवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळत नाही, सबब इंजिनचा पूर्वेतिहास सादर करावा, असे आपण कळविले. ही हरकत योग्य आहे. आपले पत्र मी वडिलांना वाचून दाखविले, तेव्हा ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कसा जुळेल? ते इंजिन ठाण्याच्या बाईंचं आहे."

२. ही बाब घरात कोणासही ठाऊक नव्हती. चौकशीअंती समजले ते असे. सन १९८४ च्या उन्हाळ्यात आमची गाडी शहाड येथील धोंडिबा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये किरकोळ कामासाठी होती. शेजारीच ठाण्यातील वर्तकनगरच्या श्री. गुणाजी घाग यांची, त्याच सालची फियाट उभी होती. तिच्या इंजिनला तडा गेला होता. गुणाजींच्या पत्नी रखमाबाई यांना आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी संगमेश्वरहून ठाण्यास आणायचे होते आणि डॉक्टरांची तारीख तोंडावर आली होती. गाडी त्या स्वतः चालवीत. गुणाजी शेजारी डबा मांडीवर घेऊन बसत. त्यांना गाडी येत नव्हती व शिकण्याची इच्छाही नव्हती. बाईंची अडचण ऐकून माझे वडील मिस्त्रींना म्हणाले, "माझं इंजिन काढ आणि यांच्या गाडीत बसव. मला कारखान्यात चालत जाता येतं." तोपर्यंत वडिलांची आणि घाग कुटुंबाची ओळखही नव्हती.

३. रखमाबाई आईला घेऊन सुखरूप परतल्या व ऑपरेशन यशस्वी झाले. दरम्यान मिस्त्रींनी तडा गेलेले इंजिन दुरुस्त करून, गाडी अडून राहू नये म्हणून आमच्या गाडीत बसविले होते. सवडीने अदलाबदल करू, असे ठरले. परंतु दोन्ही गाड्या उत्तम चालत होत्या, आणि चालती गाडी कोणी उघडत नाही. तसेच राहून गेले.

४. धोंडिबा मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांची कन्या कल्पिता गॅरेज चालवितात. रखमाबाई आजही आपली फियाट त्यांच्याचकडे आणतात, असे कळल्यावर आम्ही दोघी वर्तकनगर येथे गेलो. कल्पिता यांनी रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनवरची जुनी चिकट काजळी पुसली. एकेक आकडा वर येत गेला तसा मी तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा मी तो दोनदा मोठ्याने वाचला, हे नमूद करण्यास हरकत नसावी. रखमाबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "घेऊन जा की. इतकी वर्षं वाट बघतेय, कोणी मागायला येतंय का."

५. येथून प्रकरण अवघड झाले. वडिलांनी इंजिन परत घेण्यास साफ नकार दिला. "अडल्याला दिलेली वस्तू परत मागायची नसते," एवढेच ते म्हणत. गाडी भंगारात जाईल हे त्यांना समजावले. "जाऊ दे," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी आपल्या कार्यालयात अर्ज मागे घेण्यास येणार होते.

६. ही हकीकत कल्पिता यांच्याकडून समजताच रखमाबाई स्वतः गाडी चालवीत मोहन्यास आल्या. कल्पिता शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या सांगण्यानुसार वाटेत रखमाबाईंना एकदाही ब्रेकची आठवण करून द्यावी लागली नाही. रखमाबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "शेजवळ, तुम्ही मागायला येत नाही, म्हणून मी द्यायला आले."
वडील म्हणाले, "दिलेलं परत घेत नसतात."
"दिलेलं नव्हतं. उसनं होतं. आणि मी उसनं ठेवून घेत नाही."
वडिलांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, "मग आत तरी या. चहा घ्या."

७. त्यानुसार गेल्या आठवड्यात शहाडच्या गॅरेजमध्ये दोन्ही इंजिने काढून ज्याच्या त्याच्या गाडीत बसविण्यात आली. दोन्ही वयस्कर व्यक्ती खुर्च्या टाकून समोर बसल्या होत्या व कल्पिता यांना न विचारलेले सल्ले देत होत्या. आता आमच्या गाडीचे इंजिन व चासी दोन्हींचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी तंतोतंत जुळतात. पुढचा डावा मडगार्ड व मागचा उजवा दिवा दुसऱ्या गाडीचे आहेत, हे कल्पिता यांनी दाखवून दिले. तेही येथे प्रामाणिकपणे नमूद करीत आहे. रखमाबाई आपल्या गाडीचा अर्ज त्यांच्या भागातील कार्यालयात स्वतंत्रपणे करीत आहेत.

८. आता मूळ विनंतीकडे येते. इंजिन सुरू झाले तेव्हा वडील बराच वेळ कान देऊन बसले. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण हे माझं वाटत नाही." इकडे रखमाबाईंचा फोन आला की, त्यांची गाडी चढाला पूर्वीसारखी बोलत नाही, करमत नाही. काल कल्पिता यांनी मला कळविले की, दोघांनीही त्यांना परस्पर फोन करून, प्रमाणपत्र हाती आल्यावर इंजिने पुन्हा बदलून देशील का, अशी चौकशी केली आहे. दोघांनीही हे मला सांगू नये असे बजावले आहे.

तरी फेरतपासणीची तारीख शक्य तितक्या लवकर द्यावी. तसेच नोंदणीनंतर इंजिन बदलता येणार नाही, असे वडिलांच्या नावे स्वतंत्र पत्राने, कार्यालयाच्या गोल शिक्क्यासह कळवावे. माझे ते ऐकत नाहीत. शिक्क्याचे ऐकतील, अशी आशा आहे.

तारखेच्या प्रतीक्षेत, आपली विश्वासू,

(सही)
मेघना बाबुराव शेजवळ
मोहने, ता. कल्याण
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. नोंदणी पुस्तकाची प्रत
२. इंजिन व चासी क्रमांकांचे पेन्सिलने घेतलेले छाप
३. कल्पिता यांचे मूळ भागांविषयीचे लेखी निवेदन (कागदावरील डाग ग्रीसचे आहेत, क्षमस्व)
४. श्रीमती रखमाबाई घाग यांचे इंजिन परत केल्याचे पत्र. वडिलांनी त्यावर "मिळाले" असे लिहून सही केली आहे. सहीखालची "नाइलाजाने" ही नोंद विचारात घेऊ नये.