ओळखखूण : नाही

सोमवार, ३ मार्च
पोचलो एकदाचा! स्टेशनपासून बॅगा ओढत येताना दोनदा रस्ता चुकलो, पण चुकायलाही मजा आली. खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात बेसिन आणि ऐसपैस खिडकी. समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. माणसं चढतात, उतरतात, पिशव्या सांभाळत एकमेकांना वाट देतात. फुकटचा सिनेमा.

दुपारी लॅबमध्ये जाऊन आलो. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या आणि कॅप घडवायच्या. आठ टेबलं, आठ माणसं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. मालकीणबाईंनी मी केलेली नमुन्याची दाढ उजेडाकडे धरली, उलटसुलट फिरवली आणि नुसतं 'हं' म्हणाल्या. चौदा वर्षं हेच काम करतोय. या धंद्यातलं 'हं' मला बरोबर कळतं.

वर्षभराचा तात्पुरता परवाना हातात आहे. कायमच्यासाठी लगेच अर्ज टाकायचा. तो मिळाला की बायकोला आणि लेकीला, ठकीला, बोलावून घेता येईल. ठकी सहा वर्षांची. निघताना तिला एकच काळजी होती, तिकडे आपण तिघं एका खाटेवर मावू का.

रविवार, १६ मार्च
इथला रविवार संपता संपत नाही. कपडे धुतले, वाळत घातले, मग ते वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसलो. लॅबमधली मंडळी चांगली आहेत, पण त्यांची भाषा मला कामापुरतीच येते. 'मेण', 'घासा', 'उद्या' एवढ्या तीन शब्दांवर मैत्री कुठवर जाणार?

घरी फोन लावला. जेवलास का? हो. तुम्ही दोघी? हो. काय चाललंय? काही नाही. मग दोन्हीकडे शांतता. बायको म्हणाली, तू फोनवर असलास की समोर कुणी फोन उचलून बाजूला ठेवलाय असं वाटतं. हसत म्हणाली, पण ते हसू जरा ओढून आणलेलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मला बोलता येत नाही ते नाहीच. मनात पुष्कळ असतं, तोंडाशी येईपर्यंत त्याची वाफ होते.

शनिवार, २९ मार्च
फॉर्म बेचाळीस पानांचा आहे. आपल्या भाषेतला एक फॉर्मवाला झेरॉक्सच्या दुकानात काचेच्या खोक्यात बसतो, त्याच्याकडून भरून घेतला. नाव, जन्मतारीख, शिक्षण इथपर्यंत गाडी सुरळीत होती. मग प्रश्न आला, इथल्या समाजात आपण कसे मिसळता? फॉर्मवाल्याने मान वर करून पाहिलं, सुस्कारा टाकला आणि स्वतःच लिहायला लागला. रोज सकाळी नगरपालिकेच्या तलावात पोहतो. दर रविवारी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवतो. इथली भाषा अस्खलित बोलतो. पत्नीशी रोज तासभर फोन, मुलीला रोज एक गोष्ट.

मी म्हटलं, अहो, मला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचलोय, घोटाभर पाण्याचीही भीती वाटते. तो म्हणाला, साहेब, वाचतंय कोण? तिथे फायलींचं नुसतं वजन करतात.

शेवटी ओळखखूण. मी सांगितलं, वरचा डावीकडचा समोरचा दात अर्धा तुटलेला. शाळेच्या पायरीवर पडलो होतो. तो म्हणाला, तुटका दात म्हटलं की मारामारी केलेला माणूस वाटतो. लिहिलं, 'ओळखखूण : नाही'. मी सही केली. घरी येताना वाटलं, फॉर्ममधला माणूस मात्र बरा आहे. त्याच्याशी ओळख व्हायला हवी होती.

मंगळवार, २२ एप्रिल
पावती आली. अर्ज विचाराधीन. कमाल म्हणजे आज पावाच्या दुकानात एक अनोळखी गृहस्थ केस पुसत पुसत माझ्याजवळ आले आणि विचारलं, आज पाण्यात दिसला नाहीत? मी मोडक्यातोडक्या शब्दांत म्हटलं, आपली चूक होतेय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पाठीवर थाप मारून गेले.

बुधवार, १४ मे
वृद्धाश्रमाचं पत्र आलंय. सात नंबरच्या खोलीतल्या आजी वारल्या. तुमच्या वाचण्याची त्या आठवडाभर वाट बघायच्या, शेवटच्या दिवशीही तुमचीच चौकशी करत होत्या, आम्ही आपले ऋणी आहोत. खाली शिक्का, सही. वर माझंच नाव.

तडक फॉर्मवाल्याकडे गेलो. वाटलं, यानेच कुणाला तरी पाठवलं असेल. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि आईची शपथ घेतली. म्हणाला, मला वाटलं तुम्ही मनावर घेतलंत, जायला लागलात. मला चांगलं वाटलं हो.

आजींसाठी मलाही वाईट वाटलं. मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

मंगळवार, १० जून
आज टेबलावर आलेल्या साच्यावरच्या चिठ्ठीत माझं नाव. जन्मतारीखही माझी. काम : वरचा डावा समोरचा दात, अर्धा तुटलेला, कॅप बसवणे. तातडीचं.

कुणीतरी गंमत केली असेल म्हणून मी सगळ्यांकडे पाहिलं. सात माना खाली, सात हात कामात. साचा हातात घेतला. मागची वाकडी दाढ, खालच्या दोन दातांमधली फट. चौदा वर्षांत हजारो तोंडं हातांखालून गेली. आपलं तोंड मी ओळखणार नाही? तरी खात्री करायला बाथरूममध्ये जाऊन साच्याचे वरचे दात माझ्या खालच्या दातांवर टेकवले. झाकण बसावं तसे बसले.

मालकीणबाई दारातून म्हणाल्या, तातडीचं आधी. म्हणून केली कॅप. रंग जुळवला, कड घासली. उजेडाकडे धरल्यावर मलाच 'हं' म्हणावंसं वाटलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. दुपारी दवाखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला. माझा दात अजून तुटलेलाच आहे. आत्ता जिभेने चाचपून पाहिला.

गुरुवार, ३ जुलै
नऊ दिवसांनी घरी फोन केला. लॅबमध्ये काम फार होतं, आणि खरं सांगायचं तर बोलायला काही नव्हतं.

बायकोने पहिल्याच घंटेला उचलला. आवाज इतका खुललेला की क्षणभर वाटलं, भलतीकडेच लागला. म्हणाली, काल तू विहिरीचं सांगितलंस ना, त्यानंतर मी किती वेळ रडत होते. नऊ वर्षांत एकदा तरी सांगायचंस. मी म्हटलं, काल? तिला वाटलं मी लाजतोय. म्हणाली, तू असा बोलायला लागलास आणि मला माझा नवरा मिळाल्यासारखं वाटतंय रे.

मग ठकी आली. म्हणाली, बाबा, कालची गोष्ट पुढे सांग. मी म्हटलं, कुठपर्यंत आली होती? तिने फोन कानापासून काढला. मग आईला म्हणाली, आज फोनवर नेहमीचा बाबा नाहीये.

मी काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण बायको इतकी आनंदात होती —

सोमवार, २१ जुलै
परवाना कार्यालयात मुलाखत. लांबच लांब दालन, जमिनीला बोल्ट मारलेल्या खुर्च्या, टोकनचं यंत्र. शंभरेक माणसं मांडीवर फाइल घेऊन बसलेली, एकमेकांकडे कुणी बघत नाही. काचेपलीकडे चष्मेवाल्या बाई. दुभाष्या शेजारी बसला तेव्हा बाईंनी भुवया उंचावल्या. मागच्या वेळी तुम्हाला दुभाष्या लागला नव्हता, म्हणाल्या.

मी म्हटलं, मी पहिल्यांदाच येतोय.

त्यांनी फाइलमध्ये बोट घालून पाहिलं. सात तारखेला आला होतात. सगळी उत्तरं बरोबर, मला हसवलंही होतं. आज फक्त फेरतपासणी. मग प्रश्न. पत्नी सकाळी उठून पहिलं काय करते? तिचा कोणता खांदा दुखतो? तिला कशाची भीती वाटते? मी म्हटलं चहा. म्हटलं उजवा. तिसऱ्याला दुभाष्याकडे पाहिलं. दर उत्तराला बाई फाइलकडे पाहायच्या आणि पेन्सिलीने बारीक फुली मारायच्या.

मग म्हणाल्या, जरा हसून दाखवा. मी हसलो. त्यांनी फाइलमधला फोटो पाहिला, माझा दात पाहिला, पुन्हा फोटो. फोटो त्यांनी माझ्याकडे वळवला. मीच. दात पूर्ण. कॅपची कड मी ओळखली.

आवाज अगदी मऊ करून त्यांनी विचारलं, अर्जदाराशी आपलं नातं काय?

मंगळवार, ५ ऑगस्ट
सकाळी तलावावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. वर प्रेक्षकांसाठी बाकं आहेत, तिथे कठड्याला धरून उभा राहिलो. क्लोरिनचा वास तिथपर्यंत येत होता.

चौथ्या पट्ट्यात तो होता. सावकाश, एका लयीत हात मारत होता. वर आला, काठावर बसला. पोटावर माझ्यासारखाच अपेंडिक्सचा व्रण. खांद्यावर तीळ, तोही त्याच जागी. पावाच्या दुकानातले गृहस्थ त्याला काहीतरी म्हणाले आणि दोघं खळखळून हसले. मी असा हसलेला मला आठवत नाही.

हाक मारायची होती. पण काय नावाने मारणार?

जाताना त्याने वर पाहिलं. दचकला नाही. हात हलवला. आपल्यासाठी कुणी तरी वाट बघत थांबलं होतं, त्याला हलवतात तसा.

मंगळवार, १९ ऑगस्ट
पत्र. 'अर्ज मंजूर. कायम निवासाचा परवाना अर्जदारास समक्ष देण्यात आला. तात्पुरता परवाना आजपासून रद्द.' कार्यालयात धावलो. काचेपलीकडच्या माणसाला माझं परवान्याचं कार्ड दाखवलं. यंत्राने ते घेतलं आणि परत दिलं नाही.

लॅबमध्ये गेलो तर दार उघडेना. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर माझी पाठ दिसत होती. मालकीणबाई तिच्याजवळ उभ्या. हसत होत्या.

गुरुवार, २८ ऑगस्ट
शेवटी ठरवलं, सगळं सांगायचं. फोन लावला. बायकोने उचलला. मी म्हटलं, मी बोलतोय. ऐक, तो मी नाही.

मागे कुठेतरी दार लोटल्याचा आवाज. मग म्हणाली, ह्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या आवाजात कुणीतरी फोन करेल म्हणून.

मी तिचं नाव घेतलं. दोनदा. म्हणाली, हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. माझ्या घरात लहान मुलगी आहे. कृपा करून पुन्हा फोन करू नका.

तुम्ही. नऊ वर्षांत ती मला कधी —

मंगळवार, २ सप्टेंबर
टपालपेटीत पाकीट. माझं नाव, म्हणून फोडलं. पत्नी आणि मुलीचा व्हिसा मंजूर. आगमन तेरा तारखेला.

पावाच्या दुकानात माझ्या मागच्याला पाव दिला. त्याच्या मागच्यालाही. मी हात पुढे करून उभा. शेवटी काउंटरवरून स्वतःच उचलला. कुणी ओरडलं नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर
फॉर्मवाल्याकडे गेलो. काचेवर टकटक केली. माझ्या आरपार बघत, डास हाकलावा तसं त्याने काचेवर फडकं मारलं.

फॉर्मवर नसलेलं काहीतरी शोधतोय. फक्त माझं. ठकी झाली त्या दिवशी नर्सने आत बोलावलं, तरी मी तासभर पायरीवरच बसून होतो. तिला हातात घ्यायची भीती वाटत होती. हे कुणालाच माहीत नाही. ती समोर आली की सांगेन. मोठ्याने सांगेन. सांगायला —

येईल मला. एवढं एक तरी येईल.

शनिवार, १३ सप्टेंबर
सकाळपासून खाटेवर बसलोय. आरशात दात बघायला गेलो. बेसिन दिसलं. मागची भिंत दिसली.

दुपार. समोरच्या जिन्यावर कुणी नाही.

टॅक्सी थांबली. दारं. एक, दोन, तीन —

ठकीचा आवाज. पायऱ्या मोजतेय. मोठी झाली, शब्द स्पष्ट झाले. बायको हसतेय. मधेच तो काहीतरी सांगतोय, हळू, आणि ती हसायची थांबली. ऐकू येतंय. म्हणतोय, तू झालीस त्या दिवशी मी तासभर पायरीवर —

नाही. ते माझं. ते माझं आहे. फॉर्मवर नव्हतं ते

किल्ली

ठकी आत आली. समोर उभी. मी हाक मारली. पूर्ण जोर लावून मारली. ती माझ्या गुडघ्यातून आरपार खिडकीकडे गेली. पडदा सरकवला.

वळली. इकडे बघतेय. माझ्याकडे. नाही. हातातल्या वहीकडे. विचारतेय, बाबा, हे आपोआप कसं लिहिलं जातंय?

तो म्हणाला, बघू, आण इकडे. ती हात पुढे करतेय, बोटं इवलीशी, ठकी, मी, मी इथे, मी तुझा