उणे एक अधिक दोन आय

चिंचवड,
डिसेंबर १९५७

प्रिय अक्का,

तुझं कार्ड पोचलं. स्थळ पसंत पडलं म्हणून तू खेडला पेढे वाटून मोकळीसुद्धा झालीस म्हणे. परत मागवता येत असले तर बघ बाई. बाबांनी तुला 'कार्यक्रम छान झाला' एवढंच कळवलं असणार. पोहे छान झाले होते, हे खरं आहे.

आधी चाकणच्या उद्धवरावांनी, म्हणजे मुलाच्या चुलत्यांनी, मला चालायला लावलं, केस मोकळे सोडायला लावले. आता पेपर वाचायला लावणार, तोच मुलगा, ज्योतीराम, म्हणाला की इंटर सायन्सला आहेत तर एखादं गणित सोडवू देत. तो पिंपरीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात असतो. अक्का, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो मला फार आवडला. माझी वेणी सोडून माझ्या डोक्यात काय आहे ते बघावंसं वाटणारा तो पहिलाच.

पाटी आणली. त्यानं अपूर्णांक घातला: वर एक अधिक तीन आय, खाली एक वजा आय. तुला कंटाळा येईल, पण एवढं ऐक. आय म्हणजे अशी संख्या की तिचा वर्ग उणे एक. ती छेदात असली की छेदाचंच मधलं चिन्ह उलटं करून त्यानं खालीवर दोन्हीकडे गुणायचं. छेदातला आय निघून जातो. मी गुणलं. उत्तर आलं उणे एक अधिक दोन आय. ज्योतीरामनं शेजारी मांडलं, त्याचं आलं दोन अधिक दोन आय. खाली त्यानं आयचा वर्ग बरोबर उणे धरला आणि वर मात्र अधिक! वर्गातली अर्धी मुलं हेच करतात, त्याचा मला राग नाही. मी उलटं गुणून ताळा दाखवणार, तेवढ्यात उद्धवराव पाटीकडे बघून म्हणाले, "चांगल्या कामात वजा कशापायी? पोराचंच बरोबर धरा." आणि आपल्या बाबांनी, जे एरवी मंडईत भाजीवाल्याचा हिशेबसुद्धा दोनदा तपासतात, त्यांनी हसत हसत माझ्या हातून पाटी घेऊन पुसून टाकली.

तिथंच थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण सुपारी कातरता कातरता उद्धवरावांनी ठरवूनच टाकलं की पोरीला दोन वर्षं शिकून साधं गणित येत नाही, मग परीक्षेपर्यंत थांबायचं कशाला, माघातच बार उडवून देऊ. बाबा हो म्हणाले. आई हो म्हणाली. परीक्षा मार्चमध्ये आहे, हे मी स्वयंपाकघरातून तीनदा सांगितलं तर मला आणखी पोहे करायला सांगण्यात आलं.

आता खरी गंमत ऐक. मंगळवारी कॉलेजला जायला स्टेशनवर गेले तर फलाटावर ज्योतीराम उभा. मान खाली घालून म्हणाला, "उत्तर तुमचंच बरोबर होतं. घरी जाऊन पुन्हा मांडून पाहिलं. पण काकांना सांगायला नको, मोठ्यांपुढं बरं दिसणार नाही." तेवढ्यात गाडी आली आणि मी चढले. पुण्यापर्यंत दात आवळून बसले होते. याला माहीत आहे की मी बरोबर होते, याच्याच चुकीवरून माझी परीक्षा बुडतेय हेही माहीत आहे, आणि तरी हा फलाटावर खरं बोलणार आणि घरात गप्प बसणार? आईला सांगितलं तर म्हणते, उत्तराला काय चाटायचंय, मुलगा निर्व्यसनी आहे. मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? तो मला अजून आवडतो. नावडता असता तर केव्हाच 'नाही' म्हणून मोकळी झाले असते.

म्हणून हे पत्र. रविवारी ते सुपारी फोडायला येताहेत. मी बाहेर आले की सगळ्यांच्या देखत ज्योतीरामला एकच विचारणार आहे, त्या दिवशी उत्तर कुणाचं बरोबर होतं. तो माझं म्हणाला तर पाटावर बसेन आणि लग्न परीक्षेनंतर, एवढंच मागेन. गप्प राहिला तर आत निघून जाईन, मग बाबा मारोत की रडोत. बाबा मध्येच बोलून माझा प्रश्न बुडवतील, आणि त्यांना थांबवणारं घरात तुझ्याशिवाय कुणी नाही. शनिवारच्या मोटारीनं ये. आणि माहेरवाशीण म्हणून चुलीपाशी बसू नकोस. बाहेर, बाबांच्या शेजारी बस. मला फार भीती वाटतेय गं.

तुझीच,
रंभा