हजाराव्या दिवसानंतरचं वाक्य

३ मार्च, शुक्रवार

संपली एकदाची! तीन वर्षं, एकशे चाळीस तासांचं चित्रण, आणि त्यातून उरली बावन्न मिनिटं. दुपारी चार वाजता शेवटचा कट लागला आणि मी खुर्चीतच हातपाय पसरले.

हंदारू मात्र तोंड पाडून बसलेला. तीन वर्षं माझा एडिटर, आणि ऐन आनंदाच्या दिवशी हे थोबाड! शेवटावरून अडून बसला. शेवटी सुकेसीमावशी, माझी बुलिक, दारात बसून म्हणते — "हे घर बुडेल तेव्हा मी आत असेन." मग काळोख, मग नावं. दर वेळी अंगावर काटा येतो माझ्या. आणि हा म्हणतो, "विगाती, हे ती पहिल्या वर्षी बोलली. नवऱ्याच्या हजाराव्या दिवसाच्या कितीतरी आधी. तू ते नंतर लावतेयस."

लावतेय. मग? मयताचं हजाराव्या दिवसाचं जेवण, थडग्यावर बसवलेला दगड, आणि त्यावर हे वाक्य — याहून चांगला शेवट असेल तर दाखव म्हटलं. तोच फुलाफुलांचा गाऊन, तेच दार, तेच पाणी. लोक काय तारखा विचारत बसणार आहेत?

"लोक नाही विचारणार. ती विचारेल."

म्हटलं, गप रे बाबा. चहासुद्धा न घेता गेला.

आमचा नियम — ज्यांच्यावर फिल्म, त्यांनी ती सगळ्यांत आधी बघायची. म्हणजे अठराला बुलिकच्या बुडत चाललेल्या गावात, करांगवुलानच्या मशिदीच्या अंगणात पडदा. मग मे महिन्यात जोगजा शहरातला फिल्म महोत्सव!

५ मार्च, रविवार

करांगवुलानला जाऊन आले. रस्ता संपतो तिथून बोट. मागच्या महिन्यात बोटीतून उतरून जिथे उभी राहिले होते तिथे आज गुडघाभर पाणी.

बुलिकच्या घरात शिरताना परत डोकं आपटलं. पाणी चढतं तसतशी ती जमीन भर घालून वर घेते. तीनदा घेतली. दार आता माझ्या छातीपर्यंत उरलंय.

"तीन वर्षं झाली, अजून वाकायची अक्कल नाही आली तुला?" म्हणाली आणि कपाळाला तेल चोळलं. तळलेला मासा, मिरचीची चटणी, गरम भात. दोनदा वाढून घेतला.

मुलगी नुंगकी पण आली होती. बुटांच्या कारखान्यात असते, शहरात खोली घेऊन. माझ्याशी धड बोलत नाही. फिल्ममध्ये ती कुठेच नाही. मीच घेतली नाही — आल्या आल्या आईच्या मागे "चल, चल" सुरू, सगळा सूर बिघडतो.

सरकारी ऑफिसवाल्यांनी वर टेकाडाकडे नवी घरं बांधलीत. रमजानचे उपास सुरू व्हायच्या आत यादी बंद होणार, एकवीस तारखेला. गावात तीनच घरं उरलीत. दोन घरांनी नावं दिली. बुलिकचं नाव यादीत नाही! झलक निघाल्यापासून समारांगच्या कॉलेजातली पोरं तिचं वाक्य छापलेले टी-शर्ट घालून फिरतात. उगाच नाही घालत. माझी वाघीण आहे ती.

तिच्याकडे बिस्किटांचे तीन डबे. दोन डब्यांत नेहमीप्रमाणे बिस्किटं सोडून तांदळाच्या कुरडया. तिसऱ्यात माझी डिस्क, सगळ्या चित्रणाची जादा प्रत. तिनेच तो डबा वाशाला बांधून ठेवलाय, पाणी पोचणार नाही असा. "तुझं पोर सांभाळते बाई मी," म्हणते. हंदारू ओरडतो, बुडत्या घरात कोणी डिस्क ठेवतं का! ठेवतं. विश्वास असला की ठेवतं.

निघताना म्हणाली, "झाला का तुझा पिच्चर?"

"झाला, बुलिक!"

"मग आता मी सुटले?"

मी खूप हसले. म्हटलं, सुटताय कसल्या, आता तर तुम्ही सगळ्या देशाच्या होणार. ती पण हसली. वाटेत खायला मासा बांधून दिला.

८ मार्च, बुधवार

दाढ दुखतेय. हंदारू फोन उचलत नाही. दोघांनी ठरवून केल्यासारखं.

१० मार्च, शुक्रवार

अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी एका कॉलेजच्या मुलीने व्हिडिओ पाठवला. "ताई, हे खरं आहे का?" चाळीस सेकंद. बुलिक पायरीवर बसलीय, शेजारी खरकट्या भांड्यांचा ढीग. म्हणतेय — "मला जायचंय. दमले मी. आज बोट लागली तर आज जाईन."

माझं चित्रण! माझ्या कॅमेऱ्याचं! हजाराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. ऑफिसवाल्यांनी काल बैठकीत भिंतीवर मोठं करून दाखवलं म्हणे, इतर गावांना समजावायला — बघा, तुमची वाघीणसुद्धा जायचं म्हणतेय! तिथून ते सगळ्यांच्या फोनवर. खाली लोक काय काय लिहितायत. सोंग, नाटक, विकली गेली. माझ्या बुलिकला!

त्या दिवशी ती दमली होती. शंभर पानांचं जेवण घातलं होतं आदल्या दिवशी. दमलेला माणूस काय वाटेल ते बोलतो. म्हणून तर मी ते बाजूला काढलं. फोल्डरला नावच दिलं होतं "नको". तिथल्या तिथे म्हटलं होतं, बुलिक, हे राहू दे, आधीसारखं बोला ना एकदा. बोलली. पण डोळ्यांत काही नव्हतं, मग तेही नाही वापरलं.

त्या फोल्डरबद्दल दोनच माणसांना माहीत. एक मी.

दुसरा चहा न पिता गेला होता.

११ मार्च, शनिवार

गेले होते त्याच्या खोलीवर. दार उघडल्या उघडल्या विचारलं, "कितीला विकलंस?"

"काय विकलं?"

फोन नाकासमोर धरला. बघितलं त्याने. पूर्ण बघितलं. मग म्हणाला, "मी नाही दिलं."

"मग कोणी दिलं? समुद्राने?"

"तुझी एक डिस्क तिथेही आहे, विगाती."

बुलिकवर घालतोय! लाज नाही वाटली. तिला टीव्हीचा रिमोट धड कळत नाही. कानाखाली वाजवावीशी वाटली. मी म्हटलं, तीन वर्षं माझ्या ताटात जेवलास. माझी आई आजारी असताना तू दवाखान्यात बसलास, मी तुला भाऊ म्हणाले. आणि एका वाक्यावरून हा सूड?

तो म्हणाला, "पण ती तसं बोलली होती ना? खोटं तर नाही ते."

झालं! अजून काय कबुली पाहिजे?

एडिटिंगच्या खोलीची किल्ली मागून घेतली. म्हटलं, तुझं नाव काढते फिल्ममधून. म्हणाला, "काढ. पण ते वाक्य शेवटी ठेवू नकोस."

स्कूटरवर रडले. हेल्मेटच्या आत डोळेसुद्धा पुसता येत नाहीत.

१२ मार्च, रविवार

नाव काढलं. फिल्म चार सेकंदांनी कमी झाली.

१४ मार्च, मंगळवार

करांगवुलान. बुलिक घरी नाही. दाराला दोरी बांधलेली. फोन तिच्याकडे नसतोच.

बोटवाला सामिदी एरवी किती बोलतो! आज मान वर करेना. विचारलं, बुलिक कुठे? "ऑफिसात गेलीय." कशाला? "तिलाच विचारा की." मग वल्हं मारता मारता — "तुमचा पिच्चर झाला ना? मग आता कशाला येता?"

हा पण! जणू मीच दिला तो व्हिडिओ. त्या हंदारूमुळे तीन वर्षांची माणसं तुटतायत माझी.

पण बुलिक ऑफिसात गेली म्हणजे भांडायलाच गेली असणार. या वयात, एवढ्या उन्हात, एकटी. वाघीण ती वाघीण.

१६ मार्च, गुरुवार

आज पत्र लिहिलं. जोगजाच्या महोत्सवाला, आणि आमच्या कामातल्या ज्या ज्या लोकांना ओळखते त्या सगळ्यांना. हंदारूने विश्वासाने सोपवलेलं चित्रण परस्पर दिलं, एका म्हाताऱ्या बाईच्या अब्रूचा बाजार मांडला, याच्या हातात कोणी आपलं काम देऊ नये. तीनदा वाचलं. एकही शब्द मऊ केला नाही.

पाठवलं.

संध्याकाळपर्यंत दोघांची उत्तरं. एकाने त्याला दिलेलं काम काढून घेतलंय. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१८ मार्च, शनिवार

मशिदीच्या अंगणात घोटाभर पाणी. पडदा भिंतीला ठोकला, खुर्च्या पाण्यातच मांडल्या. मगरिबची नमाज झाली आणि सुरू केलं. चौदा माणसं. जी वर राहायला गेलीत त्यांतलीही काही आली. मागे ऑफिसातला कारकून. नजर ठेवायला आला असणार. म्हटलं बघ, डोळे भरून बघ!

बुलिक पहिल्या रांगेत. कबाया, म्हणजे ठेवणीतलं पोलकं घालून, पावडर लावून. शेजारी नुंगकी, हाताची घडी घालून. नवऱ्याची बोट दिसली तेव्हा बुलिकने तोंडाला ओढणी लावली. हजाराव्याच्या जेवणात लोकांनी एकमेकांना दाखवलं — हा बघ तू, हा बघ तुझा बाप. हसले सगळे.

मग शेवट. "हे घर बुडेल तेव्हा मी आत असेन."

काळोख. नावं. टाळी नाही. एकही नाही.

नुंगकी ताडकन उठून निघून गेली. बुलिक तशीच बसून. मी जवळ गेले, पाण्यात गुडघे टेकले. "कशी वाटली?"

"छान दिसते मी," म्हणाली. मग — "जेवलीस का तू?"

मागे वळून बघितलं तर कारकून वहीत काहीतरी लिहीत होता.

१९ मार्च, रविवार

सकाळीच डिस्क आणायला गेले. मनाशी ठरवलं होतं, आता ती पण माझ्याकडेच ठेवायची. डबा वाशावर नव्हता. खाली होता, चटईवर. आत डिस्कभोवतीच्या फडक्याची गाठ वेगळी. माझी नव्हे.

बुलिक समोर बसली. चहा दिला. साखर जास्त, मला लागते तशी.

"मीच दिलं ते," म्हणाली.

मला कळेचना.

"झलक बघून ऑफिसवाले म्हणाले, बाई, तुम्ही तर घरातच मरणार म्हणता, तुम्हाला कशाला घर? नावच लिहून घेईनात. नुंगकी म्हणाली, आई, तू दुसरंही बोलली होतीस ना? म्हटलं, बोलले होते. हजाराव्याच्या दुसऱ्या दिवशी. दिवस पाठच होता. तिने डिस्क तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडे नेऊन शोधलं. मी नुसतं ऑफिसात दाखव म्हटलं होतं, पोरी. गावभर होईल हे काय माहीत."

"पण तुम्ही तर जाणार नाही म्हणत होतात!"

"त्यांचे हजार दिवस व्हायचे होते. तोवर घर सोडून कशी जाणार? त्या दिवशी जेवण घातलं, दगड बसवला. झालं. ते गेले, मीही जायला मोकळी. दोन वर्षं होतील आता त्याला." तिने छताकडे बघितलं. "भरतीला मी टेबलावर झोपते. तू दिवसा येतेस. तुला कसं दिसणार?"

"मग मला का नाही सांगितलंत, बुलिक?"

"सांगितलं की. तुझ्या कॅमेऱ्यासमोरच सांगितलं. तू म्हणालीस, हे राहू दे, आधीसारखं बोला."

चहा निवला. नंतर तिनेच सांगितलं — व्हिडिओ बघून मंगळवारी नाव लिहून घेतलं होतं. काल कारकुनाने ते परत बाजूला ठेवलं. म्हणाला, पिच्चरमध्ये तर जेवण आधी आणि "घरातच राहीन" नंतर. नक्की काय ते एकदा ठरवा, बाई.

मी हंदारूचं सांगितलं. पत्राचंही. तिचा हात कपावरून सरकला.

"त्या पोराला कशाला गं?" एवढंच म्हणाली.

२० मार्च, सोमवार

उद्या यादी बंद.

दहा वाजता ऑफिसात लिहून दिलं. "घरात राहीन हे सुकेसीबाईंचं वाक्य नवऱ्याच्या हजाराव्या दिवसाच्या आधीचं. त्यानंतर त्या जायचंय म्हणाल्या. फिल्ममध्ये क्रम मी उलटा लावला." खाली सही. जोगजाला हीच प्रत पाठवली.

कारकुनाने वाचलं. म्हणाला, "तुम्ही एकदा असं दाखवता, एकदा तसं लिहिता. कशावर विश्वास ठेवू? तुमच्याशिवाय दुसरं कोणी आहे का, हे आधीपासून सांगणारं?"

आहे. एकच.

साक्षीदार म्हणून हंदारूचं नाव लिहिलं. सहीची जागा रिकामी. उद्या चारपर्यंत मुदत. तीनदा फोन लावला. उचलत नाहीये.