कोंडाजीच्या दगडावर दुसरं नाव

११ फेब्रुवारी
झालं! मिठागराच्या बांधावर स्मारकाचा दगड बसणार आणि त्यावर नाव सोनलच्या पणजोबांचं. कोंडाजी. मूठभर मीठ फडक्यात बांधून घरी नेत होता, म्हणून मीठ खात्याच्या गोऱ्या साहेबानं त्याला चिरलेल्या पायांनी खाऱ्या पाण्यात उभं केलं, वेताचे फटके दिले. ऐकून माझाही जीव कसनुसा होतो. पण सोनलचा तोरा बघवत नाही. टीव्हीवाले येऊन गेले. ग्रुपवर सकाळपासून जोडलेले हात, फुलं – आणि हिचं 'थँक यू सो मच'!

१२ फेब्रुवारी
शाळेपासून हेच. वक्तृत्वात नंबर तिचा, नवरा चांगला तिला. आता पूर्वजसुद्धा तिचेच भारी!

१८ फेब्रुवारी
आमचे पणजोबा सदा त्याच मिठागरात होते की! स्मारक समितीच्या बैठकीत उभी राहून बोललेच. म्हटलं, ते काही ऐरेगैरे नव्हते, मिठागरात बूट घालून जायचे. लहानपणापासून घरात ऐकत आलेय. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष तात्या चष्मा पुसत बसले. शेवटी सोनलच म्हणाली, घाला सदाचंही नाव. मंजूर! आज पोटभर जेवले.

१९ फेब्रुवारी
आईकडे जाऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. ती कोळंबी सोलत होती, हात थांबला. "मिठागरात बूट कोन घालतं गो? बूट फकस्त खात्याच्या मानसाला."
मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सदा खात्याचा शिपाई. कामगारांची झडती तोच घ्यायचा. कोंडाजीच्या फडक्यातलं मीठ त्यानंच काढलं. हुकूम साहेबाचा, वेत सदाच्या हातात. शेजारच्याच माणसाला मारलं!
म्हणजे बैठकीत सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून.

२० फेब्रुवारी
नाव काढा म्हणून सांगायला सोनलकडे गेले. मी विषय काढायच्या आधी तीच म्हणाली, "आम्हाला माहीत आहे गं, प्रणाली. मारलं नसतं तर साहेबानं त्यालाही उभं केलं असतं. कोंडाजीनं बजावलं होतं, चारचौघांत सदाचं हे कधी काढायचं नाही."
वर चहा पाजला. मोठं मनसुद्धा तिच्याच घरात! घरी येऊन रडले. रडतानाही जळत होते.

२ मार्च
दगड बसला, दोन्ही नावांसकट. सोनलच्या आधी मीच माईक मागून घेतला आणि फटके कुणी मारले ते सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या! कॅमेरे आणि सगळी गर्दी माझ्या मागे मागे बांधाखाली आली. कोंडाजीबद्दल बोलायला सोनल उभी राहिली, तेव्हा ऐकायला एकटे तात्या होते.