पांडेसऱ्याच्या खड्ड्यातली चांदी

१३ जाने. ९७, सोम.
सातवीला व्हायकिंगांची पुरलेली चांदी शिकवली. पुस्तकात नाही, तरी शिकवली. एवढ्या उत्तरेला अरबी नाणी, तीही तोडलेली! तोडायची, तोलायची, माल घ्यायचा. लुटारू म्हणून बदनाम, पण व्यापारात पक्के. मुख्याध्यापक दारात. "बाई, हे चाचेपुराण परीक्षेला येणार आहे का?" नसेल येणार. बुधवारी पुढचं शिकवणार.

१५, बुध.
शेजारच्या मंगलबाई, खोदकामावर मजूर, पदरात काहीतरी बांधून आल्या. नव्या डाइंग मिलच्या टाकीसाठी खोदताना मडकं लागलं. चांदीचे तुकडे, अरबी दिसणारी अक्षरं. आम्हा मराठी माणसांना बाहेरचे म्हणणाऱ्या गावात बाहेरचाच पैसा पुरलेला!
मी विचारलं, कोणी तोडले?
"काही पहिलेच तुटेल व्हतात. बाकी आम्हीच. सहा जनसले सारका वाटा."
खोदणाऱ्यांची रीत. मग जुन्या तोडीची कड काळी हवी, नवीची चकचकीत. इथे सगळंच चकचकीत.
"देवीपुढे ठेवनं व्हतं, म्हनीसन चिचघाई घसं."
चिंचेने घासून सगळा जुना काळा थर घालवला! भयंकर चिडले. नंतर लाज वाटली. त्यांना कोणी सांगितलं होतं?

१६, गुरु.
संग्रहालयातले गृहस्थ: "आता जुनं-नवं कसं ओळखणार? भंगार." अहो, निदान अक्षरं तरी वाचा! म्हणे, कलेक्टर कचेरीतून आलं तर वाचू.
ठेकेदाराला कळलं. सरकार आलं की त्याचं काम थांबणार. वितळवून टाका म्हणतो, नाहीतर सहाही जण घरी. त्याने मुख्याध्यापकांनाही फोन केला. ते मला: "बदली झाली तर माझ्याकडे रडत येऊ नका." नाही येत, जा.

१७, शुक्र.
मंगलबाईंना म्हटलं, वितळलं की संपलं. कुठून कोण आलं, काय देऊन काय नेलं, कधीच कळणार नाही. सोमवारी अकराला कलेक्टर कचेरीत या.
"नि आम्हनी मजुरी?"
बुडणार नाही, असं खोटं बोलवेना.

२०, सोम.
कचेरीतच लिहितेय. बारापर्यंत मी एकटी. रडू आलं. मग सहाही जण आले, पायाला खड्ड्याची माती तशीच. एकेकाने फडकं सोडून आपला वाटा टेबलावर ठेवला.
कारकून गुजरातीत, कोणाला सापडलं म्हणून: "कोने मळ्युं? ठेकेदारनुं नाम लखुं ने?"
मंगलबाई: "त्यानं नाव काबर? खड्डा मी खंदा. मन्हं नाव लिखा."
पेन थांबलं. साहेबांना विचारतो म्हणून आत गेला, तो गेलाच. शिपाई म्हणतो, पाच वाजले, उद्या या.
सातही जण बाकावर बसून आहोत. कोणी उठत नाही.