खरखरीत माझी गणना

आदरणीय साडूभाऊ यांस,

नमस्कार आधी पोचावा, पत्र मागून सावकाश आले तरी चालेल. तुमची पाठ कशी आहे? मेव्हणीबाईंचे गुडघे? माझी नवी कवळी बसली आहे, पण ती बसल्यापासून अनुप्रास तोंडातून धड निघत नाहीत. आमची ही ठीक. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज कुजबुजीपुरताच उरला आहे, हे तुम्ही जाणताच. (तेवढ्यातही मला बोलणी पोटभर मिळतात.)

तुमचे चार ट्रॅकचे रेकॉर्डिंग मशीन सुखरूप पोचले. ते इतक्या घाईने का मागवले, ते आता सांगतो. तुमच्या माडीवर आपण चौघांनी नदीची कविता रेकॉर्ड केली होती, आठवते? पहिल्या ट्रॅकवर माझे निवेदन, दुसऱ्यावर हिचे गाणे, तिसऱ्यावर मेव्हणीबाईंची साथ, चौथ्यावर तुमचा माउथ ऑर्गन. 'नदीकाठची ती जुनी सावली, कुणी पाहिली का, कुणी पाहिली?' अहाहा! हल्ली अशा कविता नाहीत, अशा नद्याही नाहीत. असो. हिचा गाता आवाज आता जगात त्या एका फितीवरच आहे, आणि फितीचा लेप झडू लागला आहे. फीत जाण्याआधी तो कॉम्प्युटरवर उतरवून, खरखर काढून, हिला एकदा स्वच्छ ऐकवावा, एवढाच माझा हट्ट.

आधी मी ती घरच्या साध्या टेपवर लावून पाहिली होती. तुमचे मशीन फीत दुप्पट वेगाने पळवते हे मला काय ठाऊक! भूल दिलेला रेडा शुद्धीवर येताना कविता म्हणेल, तसे माझे निवेदन निघाले. कॅसेट उलटली तर तुम्ही आणि मेव्हणीबाई शेवटाकडून सुरुवातीकडे निघालात. ही स्वयंपाकघरातून येऊन कुजबुजली, "हे पूर्वीपेक्षा बरं लागतंय." मग तुम्हाला फोन केला.

मशीन आल्यावर कापसाला स्पिरिट लावून त्याचे हेड पुसले (तुम्ही ते शेवटचे कधी पुसले होते, हे विचारत नाही, कापूस पाहिला) आणि एकेक ट्रॅक वेगळा उतरवला. हिच्या ट्रॅकवर अशी खरखर, की बाई तापल्या तव्यावर पाणी शिंपडत गात्येय असे वाटावे. त्यावर कॉम्प्युटरात एक प्रोग्रॅम असतो. तो म्हणतो, जिथे नुसती खरखर आहे असा एक तुकडा मला दाखवा. म्हणजे ती ओळखून मी सगळीकडून काढून टाकतो. मी गाणे सुरू होण्याआधीचा तुकडा निवडला. कान लावून ऐकले, खरखरीखेरीज काही नाही. (माझे कान किती भरवशाचे, ते तुम्हाला सांगायला नको.) बटण दाबले.

साडूभाऊ, खरखर गेली आणि ही आली! कुठे डाग नाही, धूळ नाही. पण पहिले कडवे संपले आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. कडव्यांच्या मध्ये मी जो भावार्थ सांगत असे, तो या ट्रॅकवरही मागून ऐकू यायचा. तो साफ नाहीसा! मूळ फीत हेडफोन लावून, आवाज पूर्ण चढवून पुन्हा ऐकली. त्या 'नुसत्या खरखरीत' मी होतो. "कवीला येथे असे सुचवायचे आहे की…" एकाच खोलीत बसलो होतो ना, हिच्या मायक्रोफोनमध्ये मीही झिरपलो होतो. प्रोग्रॅमने खरखर आणि मी एका जातीचे ठरवून दोघांनाही बाहेर काढले. त्याची-माझी ओळखदेख नसताना!

तोवर ही ओल्या हातांनी येऊन स्टुलावर बसली होती. मी म्हटले, "चूक झाली, दुसरा तुकडा निवडून पुन्हा करतो."

"हात लावाल तर बघा," ही कुजबुजली. "आज पहिल्यांदा गाणं सलग ऐकलं मी."

मग पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा. गाण्याबरोबर ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी स्पिरिटच्या बाटलीचे बूच शोधत राहिलो. ते माझ्या हातातच होते.

मेव्हणीबाईंना आमचा दोघांचा नमस्कार.

आपला,
काटछाट झालेला साडू

ता. क. मशीन इतक्यात परत येणार नाही. पाठीच्या दुखण्यात तुम्ही ते उचलावे, हे मला पाहवत नाही.

ता. क. दुसरा. खरे कारण असे, की हिला त्यावर काही म्हणायचे आहे. नवी कॅसेट नको म्हणते. जुन्या आवाजाशेजारीच म्हणायचे आहे. चारही ट्रॅक भरलेले. मी उदार होऊन माझा देऊ केला, तर म्हणाली, "तुमचा राहू द्या. भाऊजींचा माउथ ऑर्गन पुसा." तरी परवानगी असावी. तुमचे वादन कॉम्प्युटरवर वेगळे उतरवले आहे. तिथे ते कुणाला त्रास देत नाही.

ता. क. तिसरा. परवानगीची तसदी घेऊ नका. मी वरचे लिहीपर्यंत हिने म्हणूनही टाकले, पूर्ण कविता, कुजबुजत. तो प्रोग्रॅम मी बंद करून ठेवला आहे. फितीची खरखर कुठली आणि ही कुठली, ते त्याला कळायचे नाही. मला, या कानांनीसुद्धा, कळते.